बरणीतला जांभळा सेल

माझ्या संशोधनाचा विषय कुणी विचारला, की मी आधी घसा खाकरायची, मग चष्मा काढून पदरानं पुसायची आणि मग सांगायची, ‘बहुवारिक सौर घटांचा बाष्प व प्राणवायूमुळे होणारा ऱ्हास.’ विचारणारी बहुधा शेजारीण असायची. पंचेचाळिशी उलटलेली ही बाई रोज सकाळी डबा घेऊन जाते तरी कुठं, एवढंच तिला हवं असायचं. ती ‘बरं बरं’ म्हणायची आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागायची. मला वाटायचं, दिपली.

आता नात विचारते, ‘आजी, तू नक्की काय करायचीस गं?’ तेव्हा मी सरळ सांगते. आम्ही प्लास्टिकच्या शाईपासून वीज करायचो, आणि ती शाई कोल्हापूरच्या हवेत मरायची. ती कशी मरते हे बघत बसायचं, हे माझं काम. नात म्हणते, ‘एवढंच?’ एवढंच, बाई. पण तेवढ्यासाठी मी केसांत पेन्सिल खोचून बसमध्ये उभी राहायची. लोकांना कळावं, की ही साधीसुधी कनिष्ठ महाविद्यालयातली मास्तरीण नव्हे, संशोधक आहे. लोकांना एवढंच कळायचं, की बाईच्या डोक्यात पेन्सिल राहिली आहे. एक-दोघींनी तसं सांगितलंही.

सेल म्हणजे आगपेटीहून लहान काचेचा तुकडा. त्यावर एक निळसर थर, त्यावर जांभळ्या शाईचा थर आणि सगळ्यांत वर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. दोन बाजूंना दोन तारा. उजेडात धरला, की काट्याच्या मीटरचा काटा हलायचा. पंखा फिरेल एवढी वीज नव्हे, काटा हलेल एवढीच. पण ही शाई पुढं रंगासारखी फासता येईल, छपरावर, ताडपत्रीवर, कुठंही, असं तेव्हा सगळ्या जगाला वाटत होतं. जगाला वाटायचं ते मला जरा जास्तच वाटायचं.

अडचण हवेची. तो निळसर थर मिठासारखा, हवेतलं पाणी ओढून घेणारा. ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. तिथून आणि कडेकडेनं बाष्प आत शिरायचं आणि मुलाम्याच्या पोटात गंज धरायचा. जिथं गंज, तिथून वीज बंद. भिंगाखाली काळे ठिपके दिसायचे, शिळ्या भाकरीवर बुरशीचे वाढतात तसे वाढत जाणारे. प्राणवायूची तऱ्हा वेगळी. तो उजेडाला हाताशी धरून शाईचा रंगच उडवायचा. रोज उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यागत जांभळा तुकडा फिका होत जायचा. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर सुटतो हे ज्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक, त्या गावात बसून मी असल्या नाजूक जिवाचा संसार मांडला होता.

आमचे हे उचगावजवळच्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. वाळूचे साचे करायचे, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. तरुणपणापासून तेच काम. वाळूची धूळ हळूहळू छातीत बसत गेली आणि मी पीएचडीला नाव घातलं त्या सुमाराला फुप्फुसं ताठ झाली. चार पावलं चाललं की दम. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हे उलटं फिरत नाही. त्यानंतर घरी प्राणवायूचं सिलिंडर आलं, काळं, पांढऱ्या मानेचं.

आता गंमत ऐका. आमच्या प्रयोगशाळेत एक पारदर्शक पेटी होती, रबरी हातमोजे बसवलेली. सेल तिच्यात हात घालून करायचे, म्हणजे त्यांना हवा लागत नाही. पेटीत नायट्रोजन भरायचा. तो नायट्रोजन आणि आमच्या घरचा प्राणवायू एकाच टेम्पोतून यायचा. आधी आमच्या दारात एक सिलिंडर उतरायचं, मग टेम्पो प्रयोगशाळेकडं जायचा. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, ‘अहो, जे तुम्हाला जगवतं तेच माझ्या सेलला मारतं.’ मला वाटलं, केवढं मोठं तत्त्वज्ञान सांगितलं. हे नाकातली नळी नीट करत म्हणाले, ‘मग तुज्या सेलला माज्याजवळ आणू नको की.’

माझ्या कामाची टिंगल करणं हा ह्यांचा जुना छंद. ‘आमी एका दिवसात टनभर लोखंड वतायचो, आन हिचा वर्साचा माल चिमटीत मावतोय.’ मी फणकारायची. आत कुठंतरी मात्र एवढंच हवं असायचं, की ह्या माणसानं एकदा म्हणावं, चांगलं केलंस. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, ते बऱ्याचदा म्हटलं होतं. पण सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि मला मॅडम म्हणणारे. त्यांचं कौतुक मला पोटभर लागायचं नाही.

एका उन्हाळ्याच्या शेवटी सर म्हणाले, ‘मॅडम, पेटीत सगळेच टिकतात. घराच्या हवेत काय होतं ते बघायला पाहिजे.’ मी म्हटलं, माझ्या घरी बघू. त्यात संशोधन किती आणि संध्याकाळी लवकर घरी यायची सोय किती, हे सरांना कळत असावं.

मी दोन सेल घरी आणले. एक नुसताच फळीवर ठेवला. तो दुसऱ्याच दिवशी मेला. दुसरा लोणच्याच्या काचेच्या बरणीत. बरणीच्या तळाला पाणी शोषायला कळीच्या चुन्याचे कोरडे खडे, झाकणाला दोन भोकं, त्यांतून सेलच्या तारा बाहेर. झाकणाची कड आणि भोकं मेणानं बंद. मेण घरचंच. बुद्धवंदनेच्या मेणबत्त्यांचा पुडा फळीवर असायचाच, त्यातली एक वितळवली. बरणी ह्यांच्या खाटेसमोर खिडकीत ठेवली आणि शेजारी शाहूपुरीतून आणलेला मीटर. सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर एका ठरावीक बल्बचा उजेड टाकून काटा बघायचा आणि आलेखावर ठिपका द्यायचा.

हे खाटेवरून सगळं बघत होते. म्हणाले, ‘ह्यो किती दिस जगंल?’

‘माहीत नाही. तेच तर बघायचंय.’

‘माजं बी तसंच हाय. लाव पैज. आदी ह्यो जातोय का मी.’

‘काहीतरीच काय बोलता!’

‘आगं, हरलो तर द्यायचं काय न्हाय. मी असणार कुटं द्यायला?’

त्यांना हसू आलं, हसण्यानं खोकला आला आणि खोकल्यानं वन्सं आतून धावत आल्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, भावाची उस्तवार करायला आमच्याकडं येऊन राहिलेल्या. त्यांनी छाती चोळली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू बरणी नव्हे, सापच आणून ठेवलाय.

पैजेवर मी चिडले, पण ती मनातून गेली नाही. मी विज्ञान शिकवणारी बाई. शेजारच्या आळीत कुणी अंगारा लावला, तर त्याला अर्धा तास व्याख्यान देणारी. आणि मी, तीच मी, रोज सकाळी त्या काट्याकडं जीव मुठीत धरून बघायला लागले. काटा उठला, की आजचा दिवस ह्यांचा. ज्या बाईला लोक तर्कशुद्ध म्हणायचे ती काचेच्या तुकड्याशी मनातल्या मनात सौदा करत होती: तू टीक, म्हणजे हे टिकतील. कुणाला सांगायची सोय नव्हती. आज सांगते, कारण हसणाऱ्यांत मीच पहिली आहे.

पहिले काही दिवस ठिपके सरळ रेषेत बसले. मग आलेख उतरू लागला, आणि उतरण्याची रीतही चमत्कारिक. रात्रभरात काही नाही. सकाळी काटा आदल्या संध्याकाळी होता तिथंच. पण दिवसभरात एकदम पायरी. काही दिवस लहान, काही दिवस मोठी. फौंड्रीच्या सुट्टीच्या वारी तर चांगलीच मोठी. फौंड्रीची सुट्टी आणि माझी पायरी यांचा संबंध असेल, हे मात्र माझ्या संशोधक डोक्यात आलं नाही. मी मोठमोठी कारणं शोधत होते. गगनबावड्याकडून ढग कधी येतात, दुपारी हवेत बाष्प किती असतं, उजेड आणि बाष्प मिळून किती घात करतात. चार पानांचा सिद्धांत लिहिला. सरांना दाखवला. सर म्हणाले, ‘इंटरेस्टिंग आहे, मॅडम.’ सर इंटरेस्टिंग म्हणाले, की काहीतरी चुकलेलं असायचं.

घरात मेणबत्त्याही भराभर संपत होत्या. मला वाटलं, वन्सं भावासाठी वंदना जास्त वेळा करतात. वाईट वाटलं. नवा पुडा आणून ठेवला. तोही संपला.

ह्यांचं बोलणं कमी होत गेलं. एका दमात चार शब्द, मग तीन. सकाळी मी मीटरपाशी वाकले, की खाटेवरून एवढंच यायचं, ‘जित्ता?’ मी म्हणायची, ‘जिता आहे.’ आषाढाच्या भर पावसात एका सकाळी, आदल्या संध्याकाळी जेमतेम हललेला काटा उठलाच नाही. मी तारा हलवल्या, बल्ब जवळ आणला, बरणीवर टिचकी मारली. काचेतून बघितलं तर जांभळा रंग गेलेला, नुसता मळका पिवळट डाग.

‘जित्ता?’

मी म्हटलं, ‘आहे की.’

आंघोळीचं पाणी बघायला म्हणून आत गेले. वर्गात दाखवायला घेतलेला पेन्सिल सेल कपाटात होता. हे झोपल्यावर तो एका रोधासह मीटरच्या लाकडी पेटीत, मागच्या बाजूनं, असा बसवला की काटा बरोबर कालच्या जागी उभा राहावा. मान्यताप्राप्त विषयात पीएचडी करणाऱ्या बाईनं मृत सौर घटाला बाजारच्या बॅटरीनं जिवंत ठेवलं. सरांना कळतं, तर त्यांनी मॅडम म्हणणं सोडलं असतं. सरांना मी सांगितलं, की घरचा सेल संपला, आलेख बंद. सर म्हणाले, ‘बरोबरच आहे, एवढा टिकला हेच खूप.’ घरी मात्र रोज सकाळी मी मीटरपाशी वाकायची, डोळे बारीक करायची, ठिपका दिल्यासारखं करायची.

‘जित्ता?’

‘जिता आहे.’

हे मान डोलवायचे. पावसाचा जोर ओसरता ओसरता हे गेले. सकाळी, चहाच्या आधी. त्या दिवशी ‘जित्ता?’ असं कुणी विचारलं नाही आणि मी वाकलेच नाही मीटरपाशी.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भेटायला येणारे मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस येत राहिले. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. आमच्या आळीतले, गावाकडचे, फौंड्रीतले. फौंड्रीतल्या मोल्डिंगवाल्यांत आमच्यातले, कुणबी, मुसलमान, सगळेच होते. यायचे, भिंतीला पाठ लावून बसायचे, ‘लई सोसलं बगा’ म्हणायचे. मी मान हलवायची. अशात त्यांच्यातला एक म्हातारा खिडकीकडं बघून म्हणाला, ‘वैनी, त्यो दिवा कुटं गेला म्हनायचा?’

‘कसला दिवा?’

‘त्यो की, बरणीतला. ऊन खाऊन काटा उठवायचा त्यो. आमी सुट्टीला आलतो तवा दाखवलाता आम्हाला. झाकन काढून, तार धरून, असा वर. गळाला मासा लागावा तसा.’

दुसरा म्हणाला, ‘मला तर हातात दिलाता. म्हनलं, राहू द्या, फुटंल. तर म्हनले, फुटत न्हाय, घे, माज्या मास्तरनीनं केलाय.’

मी सगळ्यांकडं बघितलं. सगळ्यांनी बघितला होता. उजेडाला नीट धरता यावा म्हणून प्रत्येकासाठी बरणी उघडली होती. मी वन्संकडं वळले. त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत होत्या.

‘वन्सं?’

‘आता मला काय विचारतीस? त्योच म्हनायचा, अक्का उघड. दम लागला की बोलता येत न्हवतं त्याला. मानसं यायची, कसं वाटतंय, कसं वाटतंय, तेच तेच. त्यो हात करायचा बरणीकडं. मग मानसं तेच बगत बसायची, त्याला बोलायला लागत न्हवतं. तू यायच्या आत सैपाकघरात नेऊन मेन लावायची मी. सिलिंडरपास्नं लांब. तुला कळू देऊ नको म्हनलाता.’

चार पानांचा सिद्धांत. दुपारचं बाष्प, गगनबावड्याचे ढग. प्रत्येक पायरी म्हणजे एक पाहुणा होता. मी जो जीव थेंबाथेंबानं साठवून ठेवत होते, तो हे येईल त्याला ओंजळीनं वाटत होते. आणि मला जो शब्द हवा होता तो माझी पाठ वळली, की रोज दुपारी खोलीत म्हटला जात होता.

‘आन शेवट शेवट तर,’ तो म्हातारा रंगात येऊन सांगू लागला, ‘लईच नवल. मी यकटाच आलतो. मला म्हनले, बरणीवर टावेल ठेव, उजेड येऊ देऊ नको. ठेवला. तरी काटा तसाच! मी म्हनलं, ह्ये कसं वो? तर हसले. दम लागला, तरी हसले. म्हनले, आता ह्यो अंधारात बी चालतोय. मास्तरीन लई हुशार झालीया. तिला सांगू नको म्हनले, मला कळलंय म्हनून.’

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, मोठ्यानं. भेटायला आलेल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं पाणी आणलं, दुसरीनं पाठीवर हात फिरवला. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्या नंतर चार घरी सांगणार हे दिसत होतं. म्हणजे मी रोज सकाळी वाकायची, डोळे बारीक करायची, आणि खाटेवरचा माणूस, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो माझ्यासाठी विचारायचा, जित्ता? मी त्याला फसवत होते आणि तो मला फसू देत होता. हसता हसता ते हसणं कधी बदललं मला कळलं नाही. वन्संनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्याशी माझं तोवर कधी एवढं नव्हतं.

जरा वेळानं त्या घोळक्यातला एक, आधी कधी न आलेला, संकोचून म्हणाला, ‘माजाच बगायचा ऱ्हायला बगा. दुसऱ्या पाळीत हुतो. आता दावशीला का, वैनी?’

मी उठले. बरणी फडताळात होती, ती आणली, मेण नखानं खरवडलं, झाकण काढलं आणि तो फिकट तुकडा त्याच्या हातावर ठेवला. साचे करून करून राठ झालेला हात, पण त्यानं तो पाखराचं पिल्लू धरावं तसा धरला. खिडकीकडं नेला. मीटर शेजारीच होता. बॅटरी मी आधीच काढली होती. काटा उठला नाही.

‘आता का चालंना?’

मग मी सांगितलं. घसा न खाकरता, चष्मा न पुसता. मिठागत पाणी ओढणारा थर, मुलाम्याची छिद्रं, पोटातला गंज, उजेड आणि हवा मिळून रंग कसा उडवतात, सगळं. फौंड्रीतली माणसं. लोखंडाला गंज कसा चढतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ती कान देऊन ऐकत होती. शेजारणीनं आणलेला चहा सगळ्यांच्या पुढ्यात निवून गेला.

सगळं ऐकून तो म्हातारा हळूच म्हणाला, ‘म्हंजे येवढ्या वेळा झाकन काढलं म्हनून मेला की ह्यो. आमीच बगून बगून मारला.’

शिकल्यापासून मी गावची बोली सोडली होती, घरातसुद्धा. त्या दिवशी ती आपसूक तोंडात आली. म्हटलं, ‘न्हाय वो पावणं. दाखवायसाठीच केलाता त्यो.’

त्याला काही पटलेलं दिसलं नाही. त्यानं तो तुकडा दुसऱ्याच्या हातातून घेतला, अंगच्या पांढऱ्या सदऱ्याला अलगद पुसला, बरणीत ठेवला आणि झाकण घट्ट दाबून लावलं.